टीम्सचा गेस्ट ॲक्सेस: वाळूजच्या एका छोट्या कंपनीतून ३ वर्षांचा अनुभव

आमची कंपनी वाळूज एमआयडीसीत आहे, ३८ माणसं, वेल्डिंग फिक्स्चर आणि चेकिंग गेज बनवतो. डिझाईन आणि असेंब्ली आमच्याकडं, बाकी मशीनिंग, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट, ब्लॅकनिंग सगळं बाहेर जातं. म्हणजे एका फिक्स्चरमागं आमची चार आणि बाहेरची सात-आठ माणसं लागलेली असतात, कुणी चिकलठाण्याला कुणी शेंद्र्याला, एक जण जालन्याहून काम करून पाठवतो. मी डिझाईनला आहे आणि आयटीचं पण मीच बघतो कारण त्याच्यासाठी वेगळा माणूस ठेवणं आम्हाला परवडत नाही. एमआयडीसीत माझ्यासारखे लई जण असणार, त्यांच्यासाठी हे लिहू लागलोय. रिव्ह्यू मायक्रोसॉफ्ट टीम्सचा आहे (ऑफिसचं चॅट, मीटिंग, फाइली एका जागी देणारं सॉफ्टवेअर) पण पूर्ण टीम्सचा नाही, कॉल कसा होतो मीटिंग कशी होते त्यावर सगळीकडं लिहिलेलं सापडतं, मी फक्त बाहेरच्या माणसाला आत घेणं आणि बाहेर काढणं एवढ्यावरच बोलणार आहे.

आधी आमचं सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं, प्रत्येक जॉबचा एक ग्रुप. त्यात अडचण काय तर ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती. बी रिव्हिजन सोमवारी टाकली, सी गुरुवारी टाकली, मधी दीडशे मेसेज, आणि ग्राइंडिंगवाल्यानं वर स्क्रोल करून जी पीडीएफ आधी सापडली ती उघडून काम केलं. एक बेस प्लेट अशीच गेली आमची, ६० किलोचं मटेरियल, चूक त्याची नव्हती, एकाच नावाच्या दोन फाइली आम्हीच टाकल्या होत्या. आणि दुसरं म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपमधून माणूस काढला तरी आधीचं सगळं त्याच्या मोबाईलमधी राहतंच की. कस्टमरनं ज्या ड्रॉइंगसाठी आमच्याकडून गुप्ततेच्या करारावर सही घेतली तेच ड्रॉइंग पंधरा मोबाईलमधी पडलेलं, हे मला कायम खुपायचं.

मेल आमचा मायक्रोसॉफ्टकडंच होता, बिझनेस प्रीमियम प्लॅन, त्यात टीम्स आलेलंच होतं, म्हणून २०२२ ला ठरवलं की व्हेंडरला, म्हणजे बाहेरून काम करून देणाऱ्यांना, यातच घ्यायचं.

आता पहिली गोष्ट जी मला समजायला महिना लागला ती सांगतो कारण इथंच सगळे गोंधळतात. टीम्समधी बाहेरच्या माणसाशी बोलायचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि नावं इतकी सारखी आहेत की वैताग येतो. एक एक्स्टर्नल ॲक्सेस आणि दुसरा गेस्ट ॲक्सेस. एक्स्टर्नल म्हणजे तो त्याच्या घरात, तुम्ही तुमच्या घरात, मधल्या भिंतीवरून बोलणं चाललंय, चॅट होतो, कॉल होतो, पण तुमच्या टीममधलं चॅनेल किंवा फाइल त्याला दिसत नाही (टीम म्हणजे एक ग्रुप, चॅनेल म्हणजे त्यातला एकेका विषयाचा कप्पा). गेस्ट म्हणजे तुम्ही त्याला घरात घेऊन बसवलं, तुमच्या डिरेक्टरीत (कंपनीच्या युजर खात्यांची यादी) त्याचं खातं तयार होतं, त्याला टीम दिसते, चॅनेल दिसतात, फाइली दिसतात, नावापुढं कंसात गेस्ट लिहून येतं एवढाच काय तो फरक. आम्हाला हवा होता गेस्ट.

टीम्स आलं २०१७ ला, गेस्टची सोय पण त्याच वर्षी आली, फक्त तेव्हा समोरच्याकडं मायक्रोसॉफ्टचं कंपनी खातं लागायचं, २०१८ पासून कुठल्याही मेलवर चालू लागलं. आमच्या कामाला हे दुसरं जास्त महत्त्वाचं कारण वाळूजच्या दहा छोट्या वर्कशॉपपैकी आठ-नऊ जणांचा मेल जीमेलच असतो.

चांगलं काय ते मनापासून सांगतो. माणूस घ्यायला दोन मिनिटं लागतात, टीममधी ॲड मेंबर करून त्याचा मेल टाकला की त्याला निमंत्रण जातं, त्यानं ॲक्सेप्ट केलं की झालं. गेस्टसाठी टीम्सचं वेगळं लायसन्स घ्यावं लागत नाही, महिन्याला ५०,००० बाहेरचे युजर वापरत असतील तोपर्यंत त्याचा चार्ज नाही, आपले वापरणारे कधी ५० च्या वर जात नाहीत. ड्रॉइंग एकाच जागी, रिव्हिजन बदलली तरी फाइल तीच, जुनं व्हर्जन मागं जपलेलं. बेस प्लेटसारखा प्रकार त्यानंतर आमच्याकडं झाला नाही, आणि माझ्या दृष्टीनं यातच पैसे वसूल झाले. गेस्टला नवी टीम बनवता येत नाही, आपला ऑर्गनायझेशन चार्ट दिसत नाही, ज्या टीममधी घेतलं नाही त्यात तो शिरू शकत नाही, हे सगळं आपण काही न करता आधीपासूनच बंद असतं.

सुरुवातीला त्रास झाला तो जीमेलवाल्यांना. निमंत्रण स्पॅममधी जातं, मग मायक्रोसॉफ्टचं खातं तयार कर, पासवर्ड ठेव, मोबाईलवर ॲप टाक. एका टर्निंगवाल्या काकांकडं मी स्वतः दोनदा जाऊन बसलो, ते म्हणाले, "अहो ते काम्प्युटरचं पोराला सांगा, मला फक्त ड्रॉइंग कागदावर द्या." त्यांचं बरोबर होतं. त्यांना मी टीममधी घेतलंच नाही, त्यांच्या पोराच्या मेलवर फक्त त्या एका फाइलची लिंक देतो, स्पेसिफिक पीपल निवडून, म्हणजे ज्याचा मेल टाकला त्यालाच उघडते, त्यावरून तो प्रिंट काढतो. ज्याला फक्त फाइल बघायचीय त्याला पूर्ण टीममधी कशाला घ्यायचं, हे मला काकांमुळं कळलं.

आता जिथं आम्ही चुकलो ते. आम्ही केली एकच टीम, व्हेंडर नावाची, आणि त्यात प्रत्येक जॉबचं एक चॅनेल. मला वाटलं ज्याला ज्या चॅनेलमधी पाहिजे तेवढंच देता येईल. तसं होत नाही! साध्या चॅनेलला वेगळं कुलूप नसतं, गेस्ट एकदा टीममधी आला की त्या टीमची सगळी साधी चॅनेल त्याला उघडी. म्हणजे हीट ट्रीटमेंटवाल्याला मशीनिंगवाल्याचे रेट दिसत होते, कारण कोटेशन पण तिथंच टाकत होतो. चार महिने असं चाललं. एका मशीनिंगवाल्यानं दुसऱ्याचा रेट बरोबर आकड्यानिशी सांगितला तेव्हा लक्षात आलं. ते कुलूप हवं असेल तर प्रायव्हेट चॅनेल करावं लागतं, त्यात नाव टाकलेल्यांनाच दिसतं आणि त्याच्या फाइलींची जागा पण शेअरपॉइंटमधी (टीमच्या फाइली जिथं साठतात ते मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) वेगळी होते. नाहीतर व्हेंडरप्रमाणं टीमच वेगळी. आम्ही शेवटी व्हेंडरप्रमाणं टीम केली आणि कोटेशन पूर्ण बाहेर काढलं, ते आता मेलवरच. टीम जास्त झाल्या पण डोक्याला ताप कमी झाला.

यापेक्षा मोठी गोष्ट मागच्या वर्षी झाली.

एका सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) व्हेंडरकडं प्रोग्रामिंग करणारा पोरगा होता, पैठणकडचा, हुशार, त्याला आम्ही गेस्ट केलेलं, आणि त्या वर्कशॉपचा स्वतःचा मेल नव्हता म्हणून त्याच्या स्वतःच्या जीमेलवर. एक दिवस त्याचा फोन आला. "दादा, मी ती कंपनी सोडून सात महिने झाले, आता दुसरीकडं लागलोय, पण तुमच्या चॅनेलचे मेल मला अजून येऊ लागलेत, ड्रॉइंग पण उघडतंय, मला बरं नाही वाटत, तुम्ही काढून टाका." मी त्याला आधी थँक यू म्हणलं आणि मग खरं सांगतो दहा मिनिटं खुर्चीतून उठलो नाही. कारण तो आता जिथं लागला होता ते आमच्याच कामात आमच्यासमोर कोटेशन टाकणारे. पोरगा सरळ होता म्हणून त्यानं फोन केला, नसता केला तर आम्हाला कधी कळलं असतं माहीत नाही.

त्याच्या जुन्या मालकाला फोन केला, ते म्हणाले, "तो गेला हे तुम्हाला सांगायचं असतं हे आम्हाला काय माहीत?" आणि त्यांचं तरी काय चुकलं, आम्ही त्यांना तसं कधी सांगितलंच नव्हतं.

यात टीम्सचं वागणं नीट समजून घ्या. गेस्टला त्याच्या कंपनीच्या मेलवर घेतलं असेल आणि ती कंपनी मायक्रोसॉफ्टवर असेल तर तो नोकरी सोडतो तेव्हा कंपनी त्याचं खातं बंद करते, आणि ते खातं बंद झालं की आपल्याकडं पण त्याला लॉगिन करता येत नाही. तिकडचं कुलूप लागलं की इकडचं लागतं. जीमेलला असं कुणी कुलूप लावत नाही. जीमेल त्या माणसाचं आहे, नोकरीचं नाही, माणूस जिथं जाईल तिथं ते त्याच्याबरोबर जातं आणि आपला दरवाजा पण त्याच्याबरोबर जातो. आमच्या मराठवाड्यात छोटे व्हेंडर सगळे जीमेलवर, म्हणजे पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीला ही जी भीती कमी असेल ती आम्हाला पूर्ण आहे.

तर मी त्या दिवशी त्या पोराला टीममधून काढलं आणि सुटलो असं समजलो. मग ॲडमिनमधी जाऊन बघतो तर नाव अजून तिथंच. टीममधून काढणं वेगळं आणि डिरेक्टरीतून काढणं वेगळं. टीमच्या मालकानं मेंबर काढला तरी त्या माणसाचं गेस्ट खातं एन्ट्रा आयडीमधी, म्हणजे त्या डिरेक्टरीत, तसंच राहतं (आधी त्याला ॲझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणायचे, २०२३ ला नाव बदललं, जुने व्हिडिओ बघताना गोंधळू नका). आणि खातं राहिलं म्हणजे त्याच्या नावानं कुणी कधी एखादी फाइल वेगळी शेअर केली असेल तर ती पण उघडत राहते. आमच्या परचेसच्या मॅडमनी त्याला चॅटमधी एक असेंब्ली ड्रॉइंग पाठवलेलं, चॅटमधली फाइल टीममधी जातच नाही, पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमधी (त्याच्या स्वतःच्या फाइलींची ऑनलाइन जागा) राहते, म्हणजे टीममधून काढून त्या फाइलला काहीच फरक पडला नव्हता. हे सगळं एकेक करून सापडलं तेव्हा माझी खात्री झाली की पूर्ण साफसफाई केल्याशिवाय झोप लागणार नाही.

रविवारी ऑफिसला जाऊन बसलो. एन्ट्राच्या युजर लिस्टला युजर टाईप गेस्ट असा फिल्टर लावला की सगळे एका जागी दिसतात. ५४ निघाले. मला वाटत होतं २५ असतील. त्यातल्या ९ जणांनी निमंत्रण कधी ॲक्सेप्टच केलं नव्हतं, नुसते लटकलेले. तिघांना मी ओळखतच नव्हतो, विचारत गेलो तर कळलं की एका व्हेंडरच्या माणसानं त्याच्या मित्राला बोलावलेलं. हो, गेस्टनं गेस्टला! कारण सुरुवातीला सेटिंग सगळ्यात मोकळं असतं, कंपनीतला कुणीपण आणि आलेला गेस्ट पण नवीन गेस्टला बोलावू शकतो. वापर सुरू करायच्या आधी हे बदला, एन्ट्रामधी एक्स्टर्नल कोलॅबोरेशन सेटिंग्ज मधी आहे. आमच्याकडं आता फक्त दोघं बोलावू शकतात, मी आणि परचेसच्या मॅडम. तिथंच डोमेनची (मेलमधलं @ च्या पुढचं नाव) यादी पण देता येते, यांनाच येऊ द्या किंवा यांना येऊ देऊ नका, दोन्हीपैकी एकच चालते. आम्हाला ती फारशी कामाची नाही कारण जीमेल बंद केलं तर बहुतेक व्हेंडर बाहेर राहतील.

५४ चे २१ केले. डिलीट केलेला माणूस ३० दिवसांपर्यंत परत आणता येतो म्हणून हात आखडता घेतला नाही. दोन परत आणावे लागले, त्यातला एक तर आमच्याच कॅलिब्रेशनवाल्यांचा.

शेअरपॉइंटचं पण बघा. तिथं बाहेर शेअर करायच्या चार पायऱ्या आहेत, लिंक असेल त्या कुणालापण, नवे-जुने गेस्ट, फक्त आधीचे गेस्ट, आणि बाहेर कुणालाच नाही. पहिल्या पायरीवर ठेवू नका. एनीवन लिंक म्हणजे ज्याच्या हाती लागली त्याची, कुणी उघडली ते नावानिशी कळत नाही. ठेवायचीच असेल तर त्या लिंकला दिवसांची मुदत घालता येते, ती तरी घाला.

मला या सॉफ्टवेअरवर राग कुठं आहे तर इथं आहे. माणूस घ्यायला दोन क्लिक, पण तो वापरतोय का नाही, किती दिवसांपासून आला नाही, हे आपण होऊन कुणी सांगत नाही. दर तीन महिन्यांनी टीमच्या मालकाला विचारायचं की हा गेस्ट अजून पाहिजे का, आणि उत्तर नाही आलं तर काढायचा, अशी सोय त्यांच्याकडं आहे, ॲक्सेस रिव्ह्यू म्हणतात, पण ती वरच्या लायसन्समधी, पी टू. आमच्या बिझनेस प्रीमियममधी पी वन येतं, त्यात शेवटचं लॉगिन कधी केलं ते बघता येतं आणि गेस्टला मोबाईलवरची दुसरी खातरजमा सक्तीची करता येते, पण ती आपोआप विचारणारी सोय नाही. ज्या ठिकाणी आयटीला वेगळा माणूस नाही त्यांनाच ती सगळ्यात जास्त लागते आणि त्यांच्याच प्लॅनमधी नाही. हे मला पटत नाही. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमधी, स्लॅकमधी, गेस्टला घेतानाच तारीख घालता येते की या दिवशी आपोआप बंद, आणि एकाच चॅनेलपुरता गेस्ट असा प्रकारच वेगळा आहे. पण तिथं गेस्टसाठी पैशाचा प्लॅन लागतो, आणि आमचं मेल-फाइल सगळं इकडं असताना दुसरं बिल कोण भरणार. अशी तारीख टीममधी ॲड मेंबर करतानाच विचारली असती तर माझे निम्मे कष्ट वाचले असते.

एका कस्टमरबरोबर आम्ही शेअर्ड चॅनेल पण वापरतो, ते २०२२ ला आलं. यात गेस्ट खातं बनतच नाही, समोरचा स्वतःच्या टीम्समधूनच आपलं एक चॅनेल बघतो, बाकी टीम त्याला दिसत नाही. वापरायला फार चांगलं, इकडून तिकडं खातं बदलत बसावं लागत नाही. पण दोन्हीकडच्या ॲडमिननं परवानगी द्यावी लागते आणि समोर कंपनीचं खातंच लागतं, जीमेल चालत नाही. म्हणून मोठ्या कस्टमरसोबत उत्तम, आमच्या व्हेंडरसाठी उपयोग नाही. ज्या व्हेंडरचा पोरगा चार कंपन्यांत गेस्ट आहे त्याला पूर्वी प्रत्येक वेळी वर कोपऱ्यात जाऊन कंपनी बदलावी लागायची आणि इकडं असताना तिकडचं समजायचं नाही, २०२३ ला नवीन टीम्स आलं त्यात हे बरंच सुधारलं.

एक्स्टर्नल ॲक्सेसचं एक सांगायचं राहिलं. ते सुरुवातीला जगातल्या सगळ्या डोमेनला उघडं असतं. २०२३ च्या ऑगस्टमधी मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं होतं की एका रशियन हॅकर टोळीनं टेक्निकल सपोर्टचं नाव लावून टीम्सच्या चॅटवरून लोकांकडून लॉगिनची मंजुरी काढून घेतली. आमच्या स्टोअरच्या माणसाला असा चॅट आला तर तो भाबडेपणानं हो म्हणेल, म्हणून आम्ही ते बंद करून फक्त सहा कंपन्यांची नावं उघडी ठेवली.

कस्टमरचं ऑडिट होतं तेव्हा ते विचारतात, आमचं ड्रॉइंग बाहेर कोणाकोणाला दिसतं? पूर्वी या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. आता व्हेंडरची टीम उघडून मेंबरची यादी दाखवतो, शेवटचं लॉगिन दाखवतो, ऑडिटर पुढच्या मुद्द्यावर जातो. डाउनलोड केलेली फाइल मात्र कुणालाच परत ओढता येत नाही, हे पण मी त्यांना सरळ सांगतो, म्हणून बाहेरच्यांना थ्रीडी मॉडेल देत नाही, फक्त त्यांच्या पार्टची पीडीएफ.

५ पैकी मी ३.५ देईन. आत घ्यायला पूर्ण मार्क, काढायला आणि आठवण करून द्यायला कमी. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग पाठवणाऱ्या कुणालापण मी म्हणेन की आजच घ्या, फक्त पहिल्या दिवशी ते निमंत्रणाचं सेटिंग बदला, व्हेंडरप्रमाणं टीम वेगळी करा, आणि गेस्ट खातं कोण काढणार त्या माणसाचं नाव ठरवा, कारण टीमचा मालक ते काढू शकत नाही, ॲडमिनच काढतो. आणि तुम्ही स्वतः कुणाकडं गेस्ट असाल अन् ते काम सुटलं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या माय अकाउंटमधी ऑर्गनायझेशन्समधी जाऊन लीव्ह करता येतं, समोरच्याची वाट बघायची गरज नाही. त्या पोराला हे माहीत असतं तर सात महिने त्याला पण मेल आले नसते.

आम्ही आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, पगाराचं काम आटोपलं की, परचेसच्या मॅडम आणि मी गेस्टची यादी समोर घेऊन बसतो, अर्धा तास लागतो, एकेका नावाला मॅडम व्हेंडरला फोन करून विचारतात, "दादा, हा तुमच्याकडंच आहे ना अजून?" तीन व्हेंडरना आम्ही समजावून स्वतःच्या डोमेनचा मेल घ्यायला लावला, वर्षाचा खर्च फार नाही. आणि तो पैठणचा पोरगा, त्यानं गेल्या दिवाळीला स्वतःचं काम सुरू केलं, रांजणगावला भाड्याच्या शेडमधी एक व्हीएमसी (सीएनसीवर चालणारं मिलिंग मशीन) टाकलंय. आमचे दोन पार्ट त्याच्याकडं दिलेत. त्याला परत गेस्ट केलाय, त्याच्या नव्या फर्मच्या मेलवर.